कोपऱ्यातल्या टेबलावरचं बोलणं

टीव्हीत नोकरी केली म्हटलं की समोरचा माणूस लगेच खुर्ची पुढे ओढतो. "काय सांगता! मग त्या अमक्या नटीला जवळून पाहिलंय का हो?" पाहिलंय ना. तिच्या ब्लाउजच्या काखेतले घामाचे डाग धुतलेत मी. मँचेस्टरच्या स्टुडिओत कपडेपटात माझी सगळी उमेदीची वर्षं गेली, पण नटनट्यांबद्दल मला काही बोलायचं नाही. त्यांच्याबद्दल बोलायला पगारी माणसं ठेवलेली असतात. मला सिरिल कर्शॉबद्दल सांगायचंय. त्याला तुम्ही कितीतरी वेळा पाहिलंय आणि तो तुम्हाला आठवत नाही, पैज लावते.

'टॅनर्स रो' मालिका आठवते ना? न आठवायला काय झालं, ती लागली की रस्ते ओस पडायचे. त्यात तो पब होता, 'द फ्लीस'. पुढे मालकीणबाई कमरेवर हात ठेवून कोणाला तरी फैलावर घेतायत, आणि त्यांच्या खांद्यामागे, डार्टबोर्डच्या खाली, कोपऱ्यातल्या टेबलावर दोघंजण बसलेत. निळी टोपी घातलेली एक ठेंगणी बाई आणि चपट्या टोपीतला एक उंच, हडकुळा माणूस. बाई म्हणजे रीनी एंटविसल. माणूस म्हणजे सिरिल. दोघंही एक्स्ट्रा. सकाळी दोघांना टोप्या द्यायचं आणि संध्याकाळी परत घ्यायचं काम माझं.

एक्स्ट्रांनी दिसायचं, ऐकू यायचं नाही. वर माइकचा दांडा फिरत असतो, त्याला पुढच्या नटांचं बोलणं हवं असतं. मागच्यांनी नुसते ओठ हलवायचे. ग्लाससुद्धा आवाज न करता ठेवायचा. नवीन माणूस आला की आम्ही सांगायचो, बाबा रे, काही सुचत नसेल तर 'रुबार्ब, रुबार्ब' करत बस, बघणाऱ्याला गप्पाच वाटतात. त्या पबातल्या बाकीच्या टेबलांवर वर्षानुवर्षं रुबार्बशिवाय दुसरा विषय निघाला नाही.

कोपऱ्यातल्या टेबलावर मात्र खरंखुरं बोलणं चालायचं.

दोघंही ओल्डमच्या गिरण्यांतली. रीनी माग चालवायची. सिरिल दुसऱ्या एका गिरणीत जॉबर होता, बिघडलेला माग चालू करून देणारा. साचेखात्यात सगळे माग एकदम धडधडायला लागले की स्वतःचा आवाज स्वतःला येत नाही. म्हणून तिथली माणसं आवाजाच्या नादाला लागतच नाहीत. ओठांनी बोलतात, तोंड चांगलं वेडंवाकडं करून, आणि समोरचा ते ओठ वाचतो. कोणाचं लग्न मोडलं, कोणाला दिवस गेले, सगळं या टोकापासून त्या टोकापर्यंत असं बिनबोभाट पोचायचं. मी सॅलफर्डची, माझे वडील ट्रामवर कंडक्टर. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. पुढे गिरण्यांना टाळी लागली, माणसं वाट फुटेल तिकडे गेली, आणि त्यातली थोडी आमच्याकडे आली. पबात बसलेली माणसं खरी दिसायला हवीत असं निर्मात्यांचं म्हणणं होतं.

आता सिरिलचं सांगते. सिरिल तोतरा होता. थोडाथोडका नव्हे. पहिलं अक्षरच घशात अडकायचं, मान ताठ व्हायची, डोळे घट्ट मिटायचे आणि समोरच्याला वाटायचं, याला झटका आला की काय. म्हणून तो तोंडच उघडत नसे. कॅन्टीनमध्ये बोट दाखवून चिप्स घ्यायचा. टोपी परत करताना मला मान लववायचा. आमचा एक लाइटवाला त्याला 'बडबड्या' म्हणायचा आणि सिरिल बिचारा हसायचा. मला त्या लाइटवाल्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटायचा.

पण आवाज काढायचा नसला की त्याची जीभ अडत नसे. गिरणीत त्याला कधी अडचण आली नव्हती, आणि गिरणी गेल्यावर त्याचं बोलणंही गेलं होतं, ते त्याला आमच्या त्या खोट्या पबात परत मिळालं. हे मला रीनीने सांगितलं. टोपीला पिन लावून घेता घेता म्हणाली, "अगं पेग, काय बोलतो गं तो माणूस! मला मध्ये शब्द टाकू देत नाही. आज त्याच्या टोमॅटोंवर सुरू झाला तो 'कट' म्हणेपर्यंत."

"मग कॅन्टीनमध्ये दोघं परक्यासारखे का बसता?"

"तिथे आवाज लागतो ना," ती म्हणाली.

खरंच, कॅन्टीनमध्ये त्यांचं 'अहो-जाहो' चालायचं. "बसा ना, मिस्टर कर्शॉ." तो मान हलवून दुसऱ्या टेबलाकडे जायचा. आणि सेटवर दिवे लागले की 'अगं रीनी, काल काय झालं ऐक' म्हणून सुरू. रीनीचा नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. एकदा मी तिला सरळ विचारलं, "काय गं, जीव जडलाय का?" "गप गं तू," म्हणाली आणि पिन स्वतःच्याच बोटात टोचून घेतली.

सिरिलला एक मुलगी होती, लॉर्ना. तिच्यापायी त्याचा जीव तुटत होता आणि सगळ्या जगात ते एकट्या रीनीला ठाऊक होतं.

सिरिलची बायकोही माग चालवणारीच. घरात नवरा-बायको ओठांनी बोलायची. पोरीपासून काही लपवायचं असलं तर मग हमखास. लॉर्ना शाळेत असतानाच आई गेली, आणि त्या घरात कोणी कोणाशी बोलायचं राहिलंच नाही. बापाच्या तोंडून पोरीला 'हो', 'नाही' आणि खाकरणं एवढंच ऐकायला मिळालं. तो अडखळतो हे तिला कळलंच नाही, त्याला बोलायचंच नसतं असं तिने धरून ठेवलं. पोरगी शिकली, नर्स झाली आणि तिने कॅल्विनशी लग्न ठरवलं. कॅल्विन बसवर ड्रायव्हर, रविवारी चर्चमध्ये गाणारा, हसतमुख पोरगा. पण जमैकाचा, काळा. त्या दिवसांत आमच्याकडे एवढं पुरे होतं. गल्लीतल्या बायकांनी पडदे बाजूला करकरून बघितलं.

सिरिलला पोरगा पसंत होता. त्याला धास्ती होती ती भाषणाची. लग्नाच्या जेवणात मुलीच्या बापाने ग्लास हातात घेऊन उभं राहायचं, जावयाला घरात घेतल्याचं चार शब्दांत सांगायचं. ते कोणाला चुकत नाही. त्या चार शब्दांनी सिरिलची झोप उडवली. लग्नाच्या सकाळी नवा सूट घालून तो पलंगावर बसून राहिला आणि पोटात दुखतंय म्हणून शेजारणीबरोबर निरोप पाठवला. लॉर्ना काकाचा हात धरून चर्चमध्ये गेली. बाप का आला नाही, हे तिथल्या प्रत्येकाने आपापल्या मनाने ठरवून टाकलं, आणि लॉर्नाने सगळ्यांच्या आधी ठरवलं. काळा जावई नको होता म्हाताऱ्याला. झालं. ती नवऱ्याबरोबर बर्मिंगहॅमला निघून गेली.

सिरिलने काही केलं नाही असं नाही. एकदा तिच्या दारात जाऊन उभा राहिला. तिने दार उघडलं, वाट पाहिली. त्याची मान ताठ झाली, डोळे मिटले. "अजूनही तोंडातून शब्द निघत नाही ना?" म्हणाली आणि दार लावून घेतलं. मग तो रस्त्यावरच्या फोनच्या खोक्यातून फोन करायला लागला. फोनवर ओठ दिसत नाहीत. पलीकडे नुसता श्वास ऐकू यायचा. त्या काळी अशा जोडप्यांना घाणेरडे फोन यायचे, कोणी शिव्या द्यायचे, कोणी नुसतेच धापा टाकायचे. लॉर्नाने त्याला त्यातलाच एक समजून झाडलं, आणि पुढे नंबरच बदलून घेतला.

"मग लिहून टाक की बाबा," रीनीने त्याला टेबलावर सांगून पाहिलं.

"बापाने पोस्टमनच्या हातून माफी मागायची?" त्याचे ओठ म्हणाले. "तोंडाने सांगायला पाहिजे, रीनी."

"मग मी जाते. मी सांगते."

"शपथ आहे तुला. पोर माझी आहे, मीच सांगेन."

शपथ म्हटल्यावर रीनी अडकली. मी असते तर शपथ टांगली असती खुंटीवर आणि पहिली गाडी पकडली असती. पण रीनी कडक शिस्तीच्या चॅपलमध्ये वाढलेली, शब्द म्हणजे शब्द.

अशी वर्षं गेली, आणि मग लंडनहून तो ज्युलियन फेन आला. नवा दिग्दर्शक, गळ्यात रेशमी रुमाल, तोंडात सारखं 'वास्तव, वास्तव'. वरच्या खोलीत पडद्यावर बघता बघता ओरडला म्हणे, "ते कोपऱ्यातले दोघं कोण आहेत? ते खरंच बोलतायत!" आणि धावत खाली आला. दोघांपुढे उभा राहून म्हणाला, "तुमच्यापैकी एकाला मी वाक्य देणार आहे. बोला, कोण घेतं?"

वाक्य मिळणं म्हणजे काय ते एक्स्ट्राला विचारा. एक वाक्य बोललात की तुम्ही नट. युनियनच्या नियमाने पैसे वेगळे, शेवटच्या पाटीत नाव वेगळं. त्यासाठी लोक दिग्दर्शकांच्या कुत्र्यांना फिरवून आणायचे. रीनीने क्षणाचाही विचार केला नाही. "यांना द्या," म्हणाली. "मिस्टर कर्शॉंना."

टोपी परत करायला आली तेव्हा मी तिला धरलंच. "अगं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? तो तोतरा आहे!"

"कोण? सिरिल?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी भलतं बोलले होते. "तो नाही गं अडखळत, पेग. माझ्याशी तर कधीच नाही."

ती विसरली होती. तुम्हाला खोटं वाटेल, पण इतकी वर्षं त्याचे ओठ वाचून वाचून तिच्या कानात सिरिलचा आवाज तयार झाला होता. तो आवाज चांगला भरदार होता, कुठेही न अडणारा, आणि तो तिच्याशिवाय कोणीच ऐकलेला नव्हता. मी बोलले तेव्हा तिचा चेहरा उतरला. खाली बसली. मग म्हणाली, "पण सगळा देश बघतो गं. लॉर्ना पण बघत असणार. बापाचा आवाज ऐकेल."

दुसऱ्या दिवशी तिने टेबलावर सिरिलला सांगून टाकलं, की मी चूक केली, नाही म्हण. सिरिलने बराच वेळ ग्लासातली पाणचट बिअर हलवली. मग ओठांनी म्हणाला, "नको. बोलतो. लोकांसमोर हे एक वाक्य आलं ना, तर तसाच गाडीत बसतो आणि लॉर्नाकडे जाऊन बाकीचं बोलतो."

वाक्य होतं, 'बाहेर बर्फ पडायला लागलंय, मॅज.' मॅज म्हणजे पबाची मालकीण. सिरिल माझ्या कपडेपटात, लटकवलेल्या ओव्हरकोटांच्या मागे जाऊन सराव करायचा. घशातून नुसती घरघर यायची. रीनी बाहेर स्टुलावर बसून हाताची बोटं मोडायची. आणि एका दुपारी कोटांच्या मागून आलं, "बाहेर बर्फ पडायला लागलंय, मॅज." स्वच्छ, सलग, जरा घोगरं. माझी इस्त्री हातातच राहिली. रीनी तोंडावर रुमाल धरून रडायला लागली. "तस्साच," म्हणाली. "अगदी तस्साच आवाज आहे." सिरिल कोटांतून बाहेर आला तो घामाने निथळत होता, पण त्याच्या तोंडावरचं हसू मला अजून दिसतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी मुद्दाम सेटच्या कडेला जाऊन उभी राहिले. त्याची कॉलर मी स्वतः कडक करून दिली होती. नुसती चालायची तालीम नीट पार पडली होती; तो दारातून आला, खांद्यावरचा कापसाचा बर्फ झटकला, बारपाशी गेला. मॅजने विचारलं, "काय म्हणतोयस, आजोबा?" आणि सिरिलची मान ताठ झाली.

"ब…" झालं. पुढे काही नाही. डोळे मिटलेले, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या.

"परत घेऊ," वरून ज्युलियनचा आवाज आला. परत दार, परत बर्फ, परत ते 'ब'. मॅजचं काम करणारी बाई चांगली होती, तिने हळूच म्हटलं, "सावकाश हं." त्याने ते 'ब' आणखीनच घट्ट अडकलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. तो लाइटवालाच असणार. रीनी टेबलावरून ओठ हलवत होती, 'माझ्याकडे बघ, सिरिल, माझ्याशी बोल,' पण तो तिच्याकडे बघतच नव्हता, त्याचे डोळे मिटलेले होते. शेवटी वरून आवाज आला, सगळ्या स्टुडिओला ऐकू जाईल असा: "अरे, कोणीतरी दुसऱ्याने बोला ते वाक्य. आपल्याला आज संपवायचंय." डार्ट खेळणारा एकजण पुढे आला आणि खणखणीत बोलून मोकळा झाला. सिरिलला जाऊन टेबलावर बसायला सांगितलं.

तो बसला. उरलेला प्रसंग पुरा होईपर्यंत बसला. रीनी बोलत होती, त्याचे ओठ बंद होते. ज्युलियन वाईट माणूस नव्हता असं लोक म्हणतात. असेल. माझा राग अजून गेलेला नाही.

सिरिल पुन्हा स्टुडिओत आला नाही. त्या दिवशी डोक्यावरच राहिलेली टोपी शेजाऱ्याच्या हाती धाडून दिली. रीनी ओल्डमला त्याच्या घरी जायला लागली. तो दार उघडायचा, चहा करायचा, बशीत केकचा तुकडा ठेवायचा. पण बोलायचा नाही. आवाजाने तर नाहीच, ओठांनीही नाही. "आपल्याच हाताने त्याच्या तोंडाला कुलूप घातलं गं मी," रीनी म्हणायची. "तो मला काही म्हणत नाही. म्हणायला तरी पाहिजे होतं." मी समजूत घालायची, पण समजूत घालण्यासारखं होतं काय त्यात? कोपऱ्यातल्या टेबलावर तिच्यासमोर दुसरा माणूस बसवला. तो रुबार्ब करायचा आणि रीनीही रुबार्ब करायची.

गिरणीच्या धुळीने सिरिलची छाती कधीचीच पोखरली होती. एका हिवाळ्यात ती बसली आणि तो गेला. लॉर्नाला त्याने काही सांगितलेलं नव्हतं.

अंत्यविधीला आम्ही मूठभर माणसं होतो. लॉर्ना आली, कॅल्विनही आला. दोघांचे केस पिकायला लागलेले. नंतर घरी हॅम सँडविच आणि चहा. माणूस गेला म्हणजे शपथ सुटली, असा रीनीने चॅपलच्या धर्मगुरूंना विचारून निवाडा करून घेतला होता. तिने लॉर्नाला स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगितलं. सूट, पलंग, भाषणाची भीती, फोन. सगळं.

लॉर्ना शांतपणे कप विसळत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही मनाने चांगल्या आहात, मिसेस एंटविसल. पण माणूस मेला की सगळेच त्याला धुऊन पुसून ठेवतात. माझे बाबा? बसून एवढं बोलले? तुमच्याशी? माझ्याशी उभ्या जन्मात दहा शब्द बोलले नाहीत."

"लॉर्ना, ऐकून तर घे," कॅल्विन दारातून म्हणाला.

"ऐकलं की. फोन यायचे हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तेही त्यांच्या खात्यावर घालायचं?"

रीनी पांढरीफटक पडली. माझं डोकं फिरलं. "अहो बाई," मी म्हटलं, "तुम्हाला पुरावा पाहिजे ना? उद्या स्टुडिओत या. तुमचे बाबा बोलताना दाखवते."

बोलून बसले आणि मग टेपच्या खोलीतल्या नॉर्मनकडे पळाले. नॉर्मनने डोकं खाजवलं. पूर्वी टेप महाग होती. भाग दाखवून झाला की पुसायचा आणि त्याच टेपवर दुसरं काही घ्यायचं. 'टॅनर्स रो'ची ती सगळी वर्षं अशी पुसली गेली होती. सिरिलचं इतक्या वर्षांचं बोलणं शनिवारच्या कुस्त्यांखाली गाडलं गेलं होतं. मला रडूच कोसळलं. पण नॉर्मन शोधत राहिला आणि त्याला एक जुना भाग सापडला, मॅजचा नवरा तिला सोडून जातो तो. गाजला होता म्हणून कोणीतरी ठेवून दिलेला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिलो. लॉर्ना, कॅल्विन, रीनी, मी. नॉर्मनने टेप लावली आणि आवाज बंद केला. पुढे मॅज आणि तिचा नवरा भांडतायत. मागे, डार्टबोर्डखाली, निळी टोपी आणि चपटी टोपी. सिरिलचा चेहरा सरळ आमच्याकडे. लॉर्नाने एकदम श्वास घेतला. किती तरुण दिसत होता.

त्याचे ओठ हलायला लागले आणि रीनी हळू आवाजात बोलायला लागली. "'टोमॅटोला कीड लागलीय. साबणाचं पाणी मारून पाहिलं… शेजारी म्हणतो, राख टाक. त्याला काय कळतंय? त्याचे स्वतःचे कांदे बघ…'"

"हे कोणीही म्हणेल," लॉर्ना म्हणाली. पण नजर काढली नाही.

"'…आमच्या लॉर्नाला टोमॅटो आवडायचे. मीठ लावून. आमची लॉर्ना…'"

"थांबवा!" लॉर्ना ओरडली. "मागे घ्या."

नॉर्मनने मागे घेतलं. सिरिलचे ओठ पुन्हा हलले. लॉर्नाने स्वतःच्या ओठांवर बोटं ठेवली आणि आवाज न करता तेच म्हणून पाहिलं. आमची लॉर्ना. "आई आणि बाबा माझ्याबद्दल बोलायचे तेव्हा एवढंच मला वाचता यायचं," ती म्हणाली. "पुढे काय म्हणतायत?"

टेप पुढे सरकली. "'आमच्या लॉर्नाला मला एकच सांगायचंय, रीनी. भेटली तर तिला म्हणणार आहे की…'"

आणि कॅमेरा वळला. सगळा पडदा भरून मॅजचा चेहरा आला. मॅज रडत होती. फार सुंदर रडली होती, त्याचं तिला बक्षीसही मिळालं होतं. कॅमेरा पुन्हा मागे गेला तेव्हा रीनीची खुर्ची रिकामी होती आणि सिरिल ग्लासात बघत होता.

"काय?" लॉर्ना रीनीकडे वळली. "काय म्हणणार होते?"

रीनी पडद्यावरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती.

"तुम्ही समोर बसला होतात ना!"

"होते गं," रीनी म्हणाली. "फ्लोअर मॅनेजरने हात वर केला की मी उठून बारकडे जायचं, असं होतं. मी त्याच्या हाताकडे बघत होते. सिरिलकडे बघत नव्हते. तो असं काही बोलला हेच मला आज कळतंय."

मी तिच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात. अगं सांग ना काहीतरी! माफ कर म्हणाला म्हण, जीव लावला म्हण, कोण तपासायला येतंय! मला तिचा त्या क्षणी इतका राग आला. रीनीने पाय काढून घेतला. "मला माहीत नाही, पोरी," म्हणाली. "मी पाहिलं नाही." आणि भिंतीला डोकं टेकून रडायला लागली.

लॉर्ना तिच्याकडे बघत राहिली. नॉर्मनची यंत्रं घरघरत होती.

"खोटं बोलायचं असतं तर आत्ता बोलला असतात तुम्ही," लॉर्ना म्हणाली. मग तिने नवऱ्याचा हात चाचपडत धरला. "कॅल्विन, मग फोनवर बाबाच होते. मी त्यांना काय काय बोलले रे."

कॅल्विनने तिला जवळ घेतलं. ती रडली नाही. रीनीजवळ गेली, तिला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसली.

"परत लावा," ती नॉर्मनला म्हणाली. "तिथपर्यंतच."

नॉर्मनने लावलं. सिरिल बोलला, मॅज रडली. "परत," लॉर्ना म्हणाली. जेवणाची सुट्टी संपली, कपडेपटातून मला दोनदा बोलावणं आलं, मी गेले नाही. नॉर्मन टेप मागे घेत राहिला.